प्रश्न तुमचे : ऑपरेटर पॅनेलचं नवं सॉफ्टवेअर

मकरपुरा जीआयडीसीतून एक मेंटेनन्स इंजिनियर विचारतात : सीमेन्सचा एस७-१२०० पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर) बदलावा लागला. जुना प्रोजेक्ट टीआयए पोर्टल व्ही१७मध्ये (सीमेन्सचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर) आणून नव्या पीएलसीत डाउनलोड केला. मशीन चालतं, पॅनेलला पिंग जातो, पण स्क्रीनवर आकड्यांच्या जागी नुसते ##### दिसतात. केबल बदलून पाहिली. पॅनेल गेलं का?

पॅनेल बहुतेक ठणठणीत असेल. पिंग जातो म्हणजे केबल आणि आयपी दोन्ही बरोबर आहेत, तिथे आणखी वेळ घालवू नका. व्ही१७पासून, एस७-१२००च्या फर्मवेअर ४.५ आणि एस७-१५००च्या २.९पासून, पीएलसी आणि पॅनेल यांच्यातला संवाद टीएलएस सर्टिफिकेटने (ओळख पटवणारा डिजिटल दाखला) सुरक्षित करण्याची सोय आली. नवा पीएलसी प्रोजेक्टमध्ये घेताना जी सुरक्षेची विझार्ड येते, तिथे नुसतं ‘नेक्स्ट’ दाबत गेलं की ही सोय सक्तीची होऊन बसते. जुन्या इमेजवरचं (म्हणजे पॅनेलच्या जुन्या सिस्टिम सॉफ्टवेअरवरचं) पॅनेल तशा पद्धतीने बोलू शकत नाही. पीएलसी त्याला उभंच करत नाही, आणि तुम्हाला दिसतात ते हॅश.

पीएलसीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रोटेक्शन अँड सिक्युरिटी’ उघडा आणि त्यात ‘कनेक्शन मेकॅनिझम्स’वर जा. फक्त सुरक्षित संवादाला परवानगी देणारी टिक काढा, हार्डवेअर कॉन्फिगरेशन कंपाइल करून डाउनलोड करा. यात पीएलसी स्टॉपमध्ये जातो, म्हणून मशीन रिकामं असतानाच हे करायचं. पॅनेल आणि पीएलसी स्वतःच्या छोट्या स्विचवर असतील तर एवढ्यावर भागेल. त्याच स्विचवर ऑफिसचं नेटवर्कही येत असेल तर मात्र टिक काढून मोकळे होऊ नका, पॅनेलची इमेज नव्या व्हर्जनवर न्या.

इमेज बदलताना घाई नडते. आधी पॅनेलच्या टर्मिनलवर मीटर लावा. २४ व्होल्टच्या पॅनेलला साधारण १९.२ ते २८.८ चालतं, पण त्याच एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या युनिटवर) कॉन्टॅक्टर आणि सोलेनॉइड असतील तर त्यांच्या झटक्याने व्होल्टेज क्षणभर खाली येतं. एरवी पॅनेल फक्त रीस्टार्ट होईल, इमेज चढत असताना मात्र अर्धवट राहील. रेसिपी (मालानुसार साठवलेल्या सेटिंग) सीएसव्ही फाइलमध्ये काढून ठेवा. पॅनेलवर लायसन्स-की असतील तर त्या आधी परत घ्या, इमेजबरोबर पुसल्या गेल्या तर मिळवताना नाकीनऊ येतात. प्रोसेव्ह या सीमेन्सच्या सॉफ्टवेअरने पूर्ण बॅकअप घ्या, पण त्याच्यावर फार विसंबू नका. तो त्याच प्रकारच्या, त्याच इमेजच्या पॅनेलवर परत बसतो, आणि त्यातून बदल करता येईल असा प्रोजेक्ट मिळत नाही. मशीन देणाऱ्याकडून सोर्स प्रोजेक्ट लेखी मागून घ्या. नवं व्हर्जन कुठलं घ्यायचं, हा प्रश्न त्यानंतरचा.

दोन गोष्टी राहिल्या. सर्टिफिकेटला ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते, त्यामुळे पॅनेलचं घड्याळ मागे गेलं की चांगलं सर्टिफिकेटही नाकारलं जातं. १२००चं घड्याळ वीज नसताना साधारण २० दिवस टिकतं, ४० अंशांत किमान १२. वडोदऱ्याच्या मे महिन्यात बंद कंट्रोल कॅबिनेटमध्ये किती तापतं ते तुम्हाला सांगायला नको. लांब शटडाउननंतर दोन्ही घड्याळं तपासा, शक्य असेल तिथे एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची सोय) लावा. दुसरं, पॅनेल दुसऱ्या कंपनीचं असेल तर ‘कनेक्शन मेकॅनिझम्स’च्याच पानावर पुट/गेटची (बाहेरच्या उपकरणाला डेटा वाचू-लिहू देण्याची) परवानगी द्यावी लागते आणि संबंधित डेटा ब्लॉकचा ‘ऑप्टिमाइज्ड’ प्रवेश बंद करावा लागतो.

वाघोडिया रोडवरून : पॅनेलचं सॉफ्टवेअर अपडेट करून ट्रेंडचं (आलेखाचं) पान टाकलं. तेव्हापासून बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही. पीएलसी एकच आहे, जोडणी मॉडबस आरटीयूची (सिरियल केबलवरची संवादपद्धत), वेग ९६०० बॉड, सुमारे ६० व्हॅल्यू.

अपडेटला दोष देण्याआधी हिशेब मांडा. ९६०० बॉडला एक अक्षर म्हणजे ११ बिट, सुमारे १.१५ मिलिसेकंद. एक रजिस्टर (पीएलसीतला एका व्हॅल्यूचा कप्पा) वाचायला विचारणा ८ बाइट आणि उत्तर ७ बाइट, म्हणजे १७ मिलिसेकंद. मधली शांतता आणि पीएलसीचा उत्तराचा वेळ धरून ३५च्या आसपास. ६० रजिस्टरं विखुरलेली असतील तर एक फेरी २.१ सेकंदांची. बटणाची कमांडही याच रांगेत उभी राहते. तीच ६० रजिस्टरं सलग ठेवली तर एकाच विचारणेत १३३ बाइटमध्ये काम होतं, म्हणजे १७० मिलिसेकंदांच्या आत. मॉडबसमध्ये एका वेळी १२५ रजिस्टरं वाचता येतात, तेव्हा जागा भरपूर आहे.

पीएलसीमध्ये ट्रेंडच्या व्हॅल्यू एका सलग पट्ट्यात कॉपी करा आणि पॅनेलला तिथूनच वाचू द्या. तापमान दर १०० मिलिसेकंदांनी कशाला वाचायला हवं? २ सेकंद पुरतात. लॉगिंगला लावलेला टॅग (पॅनेलमधली व्हॅल्यू) पान बंद असतानाही वाचला जातो, त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. बॉड १९२०० करायचा तर दोन्ही टोकांना करा, आणि आरएस-४८५च्या केबलच्या दोन्ही शेवटांना १२० ओहमचा रेझिस्टर आहे ना ते बघा.

पोरहून : ऑपरेटरसाठी स्क्रीन गुजराती आणि हिंदीत केली. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये छान दिसते, पॅनेलवर ‘स्थिति’चे तुकडे पडतात.

कॉम्प्युटरवर विंडोज जोडाक्षरं जुळवून देतं. जुन्या पॅनेलच्या रनटाइममध्ये (पॅनेलवर स्क्रीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ती सोय नसते, म्हणून वेलांटी आणि अर्धी अक्षरं सुटी पडतात. सिम्युलेशनवर विश्वास नको. पाच-सहा अवघड शब्दांचं एक पान आधी खऱ्या पॅनेलवर चढवा. मजकूर युनिकोडमध्येच टाइप केलेला हवा, डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला कॉपी केला तर कचरा दिसेल. पॅनेलला जमतच नसेल तर मोजक्या शब्दांची चित्रं करून टाका, मात्र अलार्मच्या ओळींना हा उपाय चालत नाही. बटणं थोडी रुंद ठेवा.

सावलीहून : नव्या व्हर्जनमध्ये अलार्म मोबाइलवर येतात. रात्रभर फोन वाजतो. आणि मोबाइलवरूनच मशीन सुरू करता येईल का?

सुरू करू नका. मशीनच्या गार्डमध्ये कुणाचा हात आहे ते फोनवर दिसत नाही. मोबाइलच्या यूजरला फक्त पाहण्याचा हक्क द्या.

फोन वाजतो कारण व्हॅल्यू सीमारेषेवर वर-खाली करते आणि दर वेळी नवा अलार्म उठतो. सुरुवातीला हे आकडे लावून बघा : तापमानाला रेंजच्या १ टक्का डेडबँड (व्हॅल्यू एवढी मागे आल्याशिवाय अलार्म मिटत नाही) आणि ६० सेकंद विलंब, प्रेशरला २ टक्के आणि १५ सेकंद, फ्लोला ५ टक्के आणि १५ सेकंद, लेव्हलला ५ टक्के आणि ६० सेकंद. इंटरलॉक (धोका दिसताच मशीन रोखणारी सोय) आणि सेफ्टीच्या अलार्मना विलंब देऊ नका. ज्या अलार्मवर ऑपरेटरला काहीच करायचं नसतं, उदाहरणार्थ ‘पंप सुरू झाला’, तो अलार्मच्या यादीतून काढून नोंदवहीत टाका. बहुतेक ठिकाणी निम्मा त्रास तिथेच असतो.