पाचवीत आहेत पण वाचता येत नाही

प्रश्न : मी मुंबईत पालिकेच्या मराठी शाळेत पाचवीला शिकवते. वर्गात ४६ पोरं, त्यातल्या निम्म्यांना जोडाक्षर आलं की अडायला होतं, वरून पोर्शन पूर्ण करायचं प्रेशर. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, आधी पुस्तक आठवडाभर बाजूला ठेवा. एकेका पोराला जवळ बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यातलं काय वाचता येतं ते बघा आणि मग रोज एक तास इयत्ता विसरून त्या पातळीप्रमाणे गट करा, शेजारच्या वर्गाच्या बाईंना पण सामील करून घ्या म्हणजे एक गट त्यांच्याकडे जाईल. 'प्रथम' संस्थेने नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमधूनच काम सुरू केलं, पुढे हीच पद्धत त्यांनी देशभर नेली. पुढचे एकमेकांना शिकवतात, तेवढ्यात तुम्ही मागच्यांजवळ बसू शकता. पोर गोष्ट वाचायला लागलं की पोर्शन पण पळतो, खरंच.

आणि ४६ हा आकडा गप्प बसून सोसू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक धरलाय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांच्याकडून लेखी मागणी जाऊ द्या. एकट्या शिक्षिकेच्या अर्जापेक्षा आयांच्या सह्यांचं वजन जास्त पडतं.