‘सोल्डर करणे’ : डाख, डाग की झाळ?

प्रश्न असा आहे : किंडल (ई-पुस्तके वाचायचे यंत्र) उघडून त्याच्या आतल्या सर्किट बोर्डावर सिरियल पोर्टाच्या, म्हणजे संगणकाशी माहितीची देवाणघेवाण करायच्या जोडजागेच्या, तारा कशा जोडाव्यात, हे मराठीत लिहिताना ‘सोल्डर करणे’ यासाठी ‘झाळणे’, ‘डाग देणे’, ‘डाख देणे’ आणि ‘वेल्डिंग करणे’ यांपैकी काय घ्यावे, आणि ‘सिरियल कनेक्शन’ला ‘एकसर जोडणी’ म्हणता येईल का?

माझे मत ‘डाख’ या शब्दाच्या बाजूने आहे. वेल्डिंगमध्ये सहसा जोडायचे तुकडे स्वतःच वितळून एकजीव होतात, त्यामुळे तो शब्द येथे सरळ चुकीचा ठरतो. सर्किट बोर्डावरचे तांबे वितळायला १०८५ अंश सेल्सियस लागतात, तर ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे यांचा मिश्रधातू १८३ अंशांनाच पातळ होतो आणि दोन धातूंना न वितळवता त्यांच्यामध्ये बसून त्यांना धरून ठेवतो. मधल्या या तिसऱ्या धातूला मराठीत स्वतःचे नाव आहे, ते म्हणजे डाख. सोनाराच्या पेढीवर आणि पत्र्याचे डबे दुरुस्त करणाऱ्याकडे हाच शब्द आहे आणि त्याच्याबरोबर क्रियापदेही तयार आहेत : डाख द्यावा, तो धरतो, आणि जोड कच्चा असेल तर सुटतो.

‘डाग देणे’ हेही याच अर्थाने बोलले जाते आणि त्याला मी अशुद्ध म्हणणार नाही. मात्र कपड्यावरचा डाग, सोन्याचा डाग म्हणजे दागिना, प्रवासातल्या सामानाचे डाग, असे इतके अर्थ त्या एका शब्दाला चिकटले आहेत की लेखी सूचनेत वाचक घोटाळ्यात पडेल. ‘झाळणे’ हा जुना आणि चांगला शब्द आहे, पण त्यात झाळ ऐकू येते, म्हणजे ज्योतीची धग. जिथे तांदळाच्या दाण्याहूनही बारीक ठिपक्यावर सोल्डरिंग आयर्नचे टोक दोन-तीन सेकंदच टेकवायचे असते, तिथे तो शब्द मला जड वाटतो.

याच कामातली दुसरी एक कृती मराठीत अधिकच चपखल बसते. जोडण्याआधी तारेचे टोक राळ लावून तापवतात आणि त्यावर वितळलेल्या धातूचा पातळ थर चढवतात. इंग्रजीत याला कथलावरूनच नाव आहे, आणि आपल्याकडे पितळेच्या पातेल्याला नवसागर टाकून कथलाचा हात फिरवणारा कल्हईवाला नेमके हेच करत आला आहे. नवसागराचे आणि राळेचे कामही एकच : तापलेल्या धातूवरचा ऑक्साइडचा थर काढणे, म्हणजे कथील नीट पसरते. म्हणून ‘तारेच्या टोकाला कल्हई करा’ असे निःशंक लिहावे.

‘एकसर जोडणी’ मात्र टाळायलाच हवी. शालेय विज्ञानात एकसर आणि समांतर हे शब्द रोधांच्या जोडणीसाठी रुजलेले आहेत, आणि तिथे एकाच मार्गाने सगळ्यांतून जाणारी विद्युतधारा अभिप्रेत असते. सिरियल पोर्टात क्रम असतो तो माहितीचा : एका तारेवरून एकामागून एक बिट (माहितीचे शून्य किंवा एक हे सर्वांत लहान तुकडे) जातात, किंडलच्या अनेक मॉडेलांत सेकंदाला १,१५,२०० या वेगाने. तिथे पाठवणारी, घेणारी आणि ग्राउंड अशा तीन तारा पुरतात, आणि एका यंत्राची पाठवणारी तार दुसऱ्याच्या घेणाऱ्या टोकाला जाते. ‘एकसर’ वाचून कोणी तारा एकीपुढे एक जोडत बसला, तर दोष शब्द निवडणाऱ्याचा. ‘क्रमिक’ अर्थाला बरोबर आहे, पण बाजारात अडॅप्टर, म्हणजे या तारा संगणकाला जोडून देणारा जोडक, मागताना कोणी तो उच्चारत नाही. ‘सिरियल’ तसाच ठेवावा.

‘उघडणे’बद्दल एक सूचना. झाकण उघडते, यंत्र मात्र खोलतात. घड्याळ खोलले, पंखा खोलला, असेच कारागीर म्हणतो. त्यामुळे आपले वाक्य मी असे लिहीन : ‘किंडलचे मागचे झाकण उघडून आधी बॅटरीची जोडणी काढा, तारांच्या टोकांना कल्हई करा आणि त्या सिरियल पोर्टाच्या ठिपक्यांवर डाख देऊन जोडा, अडॅप्टर आपल्या किंडलच्या व्होल्टेजला जुळणाराच (अनेक मॉडेलांत १.८ व्होल्ट) घ्या, आणि कथील-शिशाचा डाख चकचकीत न दिसता खरबरीत, मळकट दिसला तर तो नीट धरलेला नाही असे समजून पुन्हा द्या.’