झेब्राफिशमध्ये (प्रयोगशाळेत अभ्यासल्या जाणाऱ्या छोट्या माशात) रक्तपेशी बनवणं एकाच जनुकाच्या हातात असतं का?

नाही, एका नव्हे, अनेक जनुकांची उतरंड असते, आणि वरचं जनुक बिघडलं की खालचं सगळं अडतं. अगदी वर एनपीएएस-4-एल. ते निकामी असलेल्या ‘क्लोश’ माशांत रक्तपेशी जवळपास नसतातच, रक्तवाहिन्यांचं अस्तरही बहुतांशी तयार होत नाही. या माशांचं वर्णन 1995 मध्येच झालं होतं, पण नेमकं जनुक हाती लागायला 2016 उजाडलं. त्याखाली गाटा-1 आणि पीयू-1 या जनुकांची रस्सीखेच: गाटा-1 वरचढ ठरलं तर तांबडी पेशी, पीयू-1 ठरलं तर पांढऱ्यांपैकी मायलॉइड, म्हणजे जंतू गिळणाऱ्या गटातली पेशी. आयुष्यभर रक्त पुरवणाऱ्या स्टेम सेल (इतर रक्तपेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशी) महाधमनीच्या भिंतीतून निघतात, त्यासाठी रन्क्स-1 हे जनुक लागतं. हे कळू शकलं कारण गर्भ पारदर्शक असतो, साधारण 24 तासांत रक्त वाहताना दिसतं, आणि तांबड्या पेशी नसल्या तरी तो काही दिवस जगतो. कारण ऑक्सिजन पाण्यातून थेट त्याच्या शरीरात झिरपतो. यातला सर्वात मोलाचा शोध मला फेरोपोर्टिनचा वाटतो. पेशीतून लोह बाहेर सोडणारं हे प्रथिन 2000 साली ‘वाइसहर्ब्स्ट’ नावाच्या रक्तक्षयी माशांमुळे सापडलं, आणि पुढे माणसातल्या एका आनुवंशिक लोहसंचयाच्या आजाराचं मूळही त्याच जनुकात निघालं. मात्र माशाचं सगळं जसंच्या तसं माणसाला लावू नका: प्रौढ झेब्राफिशचं रक्त अस्थिमज्जेत नाही, मूत्रपिंडात बनतं, आणि त्याच्या तांबड्या पेशींत केंद्रक टिकून राहतं.