एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) नॉर्मल आलं, मग काळजी कशाला?

प्रश्न: वय ३८. एलडीएल ११२, पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ५.९. बाबांना ४९व्या वर्षी अटॅक आलेला. लॅबवाला म्हणाला एलडीएल ठीकय, सोडून देऊ का?

उत्तर: नाही हो, अजिबात सोडू नका. ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली ही जोडी बहुतेकदा इन्सुलिन रेझिस्टन्सची (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही) असते, त्यात एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस (डायबिटीसच्या आधीची पायरी), आणि अशात एलडीएलचे कण बारीक पण संख्येने जास्त असू शकतात, म्हणजे आकडा बरा दिसतो नि धमनीच्या भिंतीत कण घुसत राहतात. एपोबी (या कणांवरचं प्रथिन) टेस्ट करा, प्रत्येक कणावर एकच एपोबी असतं त्यामुळे थेट मोजणी होते. बाबांचं वाचून जास्त काळजी वाटली, लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) पण एकदा तपासाच, ते आनुवंशिक असतं, डाएटने फारसं हलत नाही. रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात फिजिशियनकडे जा.