धनुर्विद्येच्या इतिहासात शिरताय? मग आधी एवढंच

सोसायटी ऑफ आर्चर-अँटिक्वेरीजचं (धनुर्विद्येचा इतिहास अभ्यासणारी संस्था, ब्रिटन, स्थापना १९५६) सभासद व्हायचं म्हणताय, जरूर व्हा. नेम चांगला लागायलाच हवा असं नाही. माझा तर अजूनही कुठेही जातो.

सुरुवातीला एकच गोष्ट पक्की करा: साधं धनुष्य आणि जोडधनुष्य यांतला फरक. इंग्रजांचं लांब धनुष्य यू झाडाच्या एकाच लाकडाचं. १५४५ मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यात अशी धनुष्यं आणि हजारो बाण मिळाले. आपल्याकडचं मुघल काळातलं धनुष्य मात्र बहुधा जोडाचं: मधे लाकूड, तिरंदाजाच्या बाजूला शिंग, पाठीवर, म्हणजे पुढच्या बाजूला, जनावरांच्या कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यांचे) तंतू. शिंग दाब सोसतं, तंतू ताण. दोरी उतरवली की ते उलट्या दिशेला वळतं. नवखे इथेच फसतात आणि उलटीकडून दोरी लावल्याचं चित्र काढतात. मीही काढलं होतं, आणि वर ते बैठकीत मिरवलं!

बाकी चुका थोडक्यात:

- जुन्या धनुष्याला दोरी चढवून बघणं. कधीच नाही, मोडतं.
- बाणाशिवाय दोरी सोडणं.
- पहिल्याच महिन्यात महागडं धनुष्य घेणं. त्यापेक्षा वही घ्या.

बडोद्याच्या कमाटीबागेत जाताच, तर संग्रहालयातही डोकवा. लघुचित्रात तिरंदाज दिसला तर त्याचा अंगठा बघा: दोरी अंगठ्याने ओढलीय की बोटांनी? नोंद करा. दोरी ओढताना अंगठ्यात घालायच्या कड्यांबद्दल नंतर बोलू, तो विषय एकदा निघाला की मी थांबत नाही.