साठेखतातलं एक वाक्य आणि पूररेषा

एका वाचकाने साठेखताची, म्हणजे पुढे खरेदी करण्याच्या कराराची, प्रत जोडून विचारलं आहे: नदीजवळचा एनए (बिगरशेती) प्लॉट ठरवला, इसार दिला, साठेखत रजिस्टर केलं. आता कळतंय, की प्लॉट निळ्या आणि लाल पूररेषेच्या मध्ये येतो. मालकाने सांगितलंच नव्हतं. इसार परत मिळेल का?

सातबारा कोरा होता, सर्च रिपोर्ट (मालकी तपासल्याचा अहवाल) होता, हे तुम्ही दोनदा लिहिलंय. सातबाऱ्यावर पूररेषा नसते हो! दर पावसाळ्यात अशी पत्रं येतात आणि प्रत्येकात नकाशा पाहिलेला असतो तो इसार दिल्यानंतर.

तुमचं सगळं प्रकरण साठेखतातल्या एका वाक्यावर अडलंय, आणि त्यातले ‘लिहून घेणार’ म्हणजे तुम्ही, विकत घेणारे: ‘लिहून घेणार यांनी मिळकतीची समक्ष पाहणी व चौकशी करून खात्री करून घेतली आहे.’ मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याने मिळकतीतला मोठा दोष सांगायलाच हवा. मात्र तो त्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीत न कळणारा हवा. पूररेषेचा नकाशा तर सरकारी कचेरीत पाहायला मिळतो. त्यात खात्री केल्याचं तुम्हीच लिहून दिलंय. मालकाने किंवा एजंटने ‘प्लॉट पूररेषेबाहेर आहे’ असं मेसेजमध्ये लिहिलं असेल, तर चित्र पालटतं. गप्प बसणं वेगळं, खोटं सांगणं वेगळं. तो मेसेज शोधा.

निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. याचा अर्थ लाल रेषेपर्यंत पाणी चढण्याची शक्यता दरवर्षी एक टक्का, आणि ३० वर्षांत एकदा तरी चढण्याची साधारण २६ टक्के. तुमचा प्लॉट लाल रेषेच्या आत, म्हणजे धोका याहून जास्तच. निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही. दोन रेषांच्या मध्ये जोतं लाल रेषेच्या पातळीहून वर घेऊन परवानगी मिळू शकते. त्यामुळे कोर्ट याला मोठा दोष मानेलच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

खरेदीखत झालेलं नाही, एवढीच तुमची जमेची बाजू. त्याची मुदत तीन आठवड्यांवर आली आणि तुम्ही अजून फोनवरच बोलताय! याच आठवड्यात वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा: जलसंपदा विभागाच्या नकाशावर आमचा प्लॉट नेमका कुठे येतो ते लेखी द्या, तोवर मुदत वाढवा. मालक तयार झाला, तर पुरवणी करार रजिस्टर करून घ्या आणि त्यातच किंमत कमी करण्याचं बोला. न बोलता मुदत जाऊ दिलीत, तर तो इसार जप्त करेल आणि तो सोडवायला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं तारखा घ्याव्या लागतील.