अमेरिकेतली पहिली युनिव्हर्सलिस्ट चर्च-मंडळी कोणती?

मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरातली. १७७९ साली धर्मोपदेशक जॉन मरे यांच्याभोवती जमलेल्या ६१ जणांनी करारावर सह्या करून ती स्थापन केली. देव शेवटी सगळ्यांनाच तारतो, ही त्यांची श्रद्धा. सह्या करणाऱ्यांत गुलामीतून सुटलेला ग्लॉस्टर डाल्टन नावाचा माणूसही होता. खरी गंमत पुढची: गावच्या जुन्या चर्चचा कर भरायला नकार दिला म्हणून त्यांची भांडीकुंडी जप्त झाली, एकाच्या तर सुटायच्या बेतातल्या जहाजाचा नांगरच उचलून नेला! मंडळी कोर्टात गेली आणि १७८६ मध्ये जिंकली. मात्र ‘पहिली’ म्हणजे रीतसर स्थापलेली. न्यू जर्सीत थॉमस पॉटर यांनी बांधलेल्या प्रार्थनाघरात मरे १७७० मध्येच प्रवचन करून गेले होते.